एक कात्री, दोन धागे: ‘प्रिल’ औषधांचा आढावा

गोळ्यांच्या पट्टीवर कंपनीनं दिलेल्या नावाखाली बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव छापलेलं असतं. ते ‘प्रिल’ने संपत असेल, म्हणजे एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल असं काही असेल, तर ती गोळी एका मोठ्या घराण्यातली आहे असं समजावं. एके काळी रक्तदाबाच्या चिठ्ठीवर हे घराणं मानानं मिरवत होतं. आज त्याच चिठ्ठीवर बहुधा टेल्मिसार्टन नाहीतर ॲम्लोडिपिन असतं, आणि ‘प्रिल’ दिसलीच तर पेशंटच्या हृदयाचं काहीतरी दुखणं असावं असा अंदाज बांधता येतो. देशात २०१७ साली रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्याचा उपचारक्रम ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध या तिघांभोवती बेतलेला आहे. प्रिलला त्यात पाट मांडलेला नाही.

असं मागे पडणं योग्य झालं का, हा या लेखाचा प्रश्न. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. नुसत्या रक्तदाबापुरतं बोलायचं तर योग्यच झालं. पण दुबळ्या झालेल्या हृदयाच्या बाबतीत प्रिलना उठवायची घाई करू नये. आणि गंमत अशी की ज्या गुणामुळे ही औषधं उभी राहिली आणि ज्या खोडीमुळे ती मागे पडली, ते दोन्ही एकाच एन्झाइमच्या पोटी जन्मलेले आहेत.

त्या एन्झाइमला (शासकीय परिभाषेतलं विकर) आपण कात्री म्हणू. शरीरात रक्तदाब घसरला, मीठ-पाणी कमी पडलं की मूत्रपिंड रक्तात रेनिन सोडतं. यकृतानं बनवलेलं अँजिओटेन्सिनोजेन नावाचं लांबलचक प्रथिन रक्तात फिरतच असतं. रेनिन त्याच्या टोकाचा दहा अमिनो आम्लांचा तुकडा तोडतं. हा अँजिओटेन्सिन-१, जवळजवळ निरुपद्रवी. मग कात्री येते. तिचं पूर्ण नाव अँजिओटेन्सिन कन्व्हर्टिंग एन्झाइम, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एस’. ती या तुकड्याची शेवटची दोन आम्लं कातरते आणि आठ आम्लांचा अँजिओटेन्सिन-२ उरतो. एवढ्याशा कातरकामानं निरुपद्रवी रेणूचा दांडगट होतो. तो रक्तवाहिन्या आवळतो, तहान लावतो, हृदयाची गती वाढवणाऱ्या चेतातंतूंना चेव आणतो, ॲड्रिनल ग्रंथींना अल्डोस्टेरॉन सोडायला लावतो. अल्डोस्टेरॉनच्या हुकमानं मूत्रपिंड मीठ राखून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. वर्षानुवर्षं हे असंच चालू राहिलं तर हृदयाचा स्नायू जाड आणि राठ होत जातो. उन्हात घाम गाळणाऱ्या, मिठाला महाग असलेल्या आपल्या पूर्वजांना ही व्यवस्था जीवदान देणारी होती. जेवणाच्या पानात लोणचं, पापड आणि वर चिमूटभर मीठ घेणाऱ्यांना ती जड जाते.

पण हीच कात्री दुसराही एक धागा कापत असते. ब्रॅडिकायनिन हा नऊ अमिनो आम्लांचा रेणू रक्तवाहिन्या सैल करतो, सूज आणतो, चेतातंतूंना चुरचुर लावतो. त्याची विल्हेवाट लावण्याचं मोठं काम याच एन्झाइमकडे आहे. दोन गटांनी त्याचा वेगवेगळा अभ्यास केला, म्हणून एकानं त्याला कन्व्हर्टिंग एन्झाइम म्हटलं आणि दुसऱ्यानं कायनिनेज-२. पुढे कळलं की दोन्ही नावांचा मालक एकच. म्हणजे औषधानं कात्री बोथट केली की दोन गोष्टी एकदम घडतात. अँजिओटेन्सिन-२ कमी तयार होतो आणि ब्रॅडिकायनिन साचतं. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

ही माहिती जमायला पाऊण शतक लागलं. स्टॉकहोममध्ये टीगरश्टेट आणि बेर्गमन यांनी १८९८ साली सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला, त्याचा रक्तदाब चढला, आणि त्यांनी त्या अज्ञात द्रव्याला रेनिन म्हटलं. मग जवळजवळ चार दशकं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९३४ साली क्लीव्हलँडच्या हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रक्तवाहिनी चिमट्यानं अरुंद करून कायमचा उच्च रक्तदाब निर्माण करून दाखवला, तेव्हा तो जुना अर्क लोकांना आठवला. त्यानंतर इंडियानापोलिस आणि ब्यूनोस आयरीस इथल्या दोन गटांना जवळजवळ एकाच वेळी तो दांडगट रेणू सापडला. एकानं त्याला अँजिओटोनिन म्हटलं, दुसऱ्यानं हायपरटेन्सिन. १९५८ साली तडजोड म्हणून दोन्ही नावांचे अर्धे अर्धे तुकडे जोडून ‘अँजिओटेन्सिन’ हा शब्द तयार झाला. दरम्यान लिओनर्ड स्केग्ज यांच्या गटानं घोड्याच्या रक्तात कात्री शोधून ठेवली होती.

कात्री सापडली तरी तिला अडवायचं कशानं? उत्तर ब्राझीलच्या सापानं दिलं. जराराका हा आपल्या सह्याद्रीतल्या चापड्याच्या भाऊबंदांपैकी एक, डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता ओळखणारी खळगी असलेला. मॉरिसिओ रोशा ई सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं विष रक्तात मिसळून पाहिलं, तेव्हा त्यातून ब्रॅडिकायनिनचा शोध लागला. तो १९४९ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे विद्यार्थी सेर्जिओ फरेरा यांना १९६५ मध्ये दिसलं की या विषात आणखी एक घटक आहे, जो ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवतो. तो अर्क घेऊन फरेरा लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर एक अनपेक्षित गोष्ट दाखवली होती. अँजिओटेन्सिनचं कातरकाम वाहत्या रक्तात फार मंद होतं, रक्त फुप्फुसातून एकदा फिरून आलं की मात्र ते झपाट्यानं उरकतं. मग वेन यांच्या सुचवण्यावरून वाय. एस. बखले यांनी विषाचा अर्क कुत्र्याच्या फुप्फुसातल्या कात्रीवर घालून पाहिला, आणि कात्री थांबली. बखले हे आडनाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारतील. माझेही टवकारले होते.

इथे एक गैरसमज खोडून काढायला हवा. ‘बीपीची गोळी सापाच्या विषापासून बनते’ असं सर्रास सांगितलं जातं. पट्टीतल्या गोळीत विषाचा अंशही नसतो. विषानं फक्त दाखवून दिलं की या कुलपाला किल्ली बसू शकते. विषातला एक पेप्टाइड, टेप्रोटाइड, कारखान्यात तयार करून माणसांना शिरेतून दिला गेला आणि त्यांचा रक्तदाब उतरला हे खरं. पण पोटातून घेतला की त्याचा उपयोग शून्य, कारण पचनसंस्था त्याला डाळीतल्या प्रथिनासारखंच पचवून टाकते. तेव्हाचा समज असा की फक्त रेनिन वाढलेल्या थोड्या लोकांनाच असं औषध लागू पडेल. थोड्या लोकांसाठी सुईनं द्यायचं औषध कोण विकत घेणार?

गाडं पुढे सरकलं ते अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीत, आणि माझ्या मते या कथेतलं सर्वांत देखणं पान हेच आहे. डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओन्देत्ती यांना कात्रीची रचना ठाऊक नव्हती, पण तिच्या मधोमध जस्ताचा एक अणू आहे आणि काम करण्याची ढब कार्बोक्सिपेप्टिडेज-ए या पचनातल्या एन्झाइमसारखी आहे, एवढा अंदाज होता. १९७४ च्या मार्चमध्ये त्या पाचक एन्झाइमला अडवणाऱ्या एका साध्या रेणूबद्दलचा निबंध त्यांच्या हाती आला. त्यांनी ताडलं की विषातल्या पेप्टाइडाच्या शेपटीला प्रोलिन आहे, तेच धरून त्याला जस्ताला चिकटणारं टोक जोडलं तर? पहिला रेणू जेमतेम काम करणारा निघाला. जस्ताला धरणारं टोक बदलून तिथे गंधक बसवल्यावर जोर हजारपटींच्या आसपास वाढला. हे कॅप्टोप्रिल. हजारो रेणू आंधळेपणानं चाळण्याऐवजी कुलूप मनात आणून किल्ली घासायची, ही रीत औषधशास्त्रात रुजवण्यात या गोळीचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत १९८१ साली तिला परवाना मिळाला आणि रेनिन साधारण असलेल्यांनाही ती लागू पडते हे सिद्ध झालं. १९९९ साली कुशमन आणि ओन्देत्ती यांना लास्कर पुरस्कार मिळाला. वेन यांना त्याआधीच, १९८२ मध्ये, नोबेल मिळालं होतं, पण ते प्रोस्टाग्लँडिनवरच्या कामासाठी.

कॅप्टोप्रिलची सुरुवात मात्र बदनाम झाली. पुरळ उठे, तोंडाची चव जाई, लघवीतून प्रथिन जाई, क्वचित पांढऱ्या पेशी घटत. दोष गंधकाच्या टोकाचा मानला गेला. पण खरी चूक डोसाची होती, कारण आज देतात त्याच्या कितीतरी पट मोठे डोस तेव्हा दिले जात. शिवाय त्याचं अर्धायुष्य साधारण दोन तासांचं, त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा गोळी, तीही जेवणाच्या तासभर आधी, कारण अन्नाबरोबर घेतली तर बराचसा भाग शोषलाच जात नाही. आयुष्यभर घ्यायच्या औषधाला ही कटकट परवडत नाही.

मर्क कंपनीत आर्थर पॅचेट यांच्या गटानं गंधक काढून टाकलं. त्यातून तयार झालेलं एनालाप्रिलॅट कात्रीला घट्ट धरी, पण आतड्यातून शोषलं जात नसे. मग त्याला एथिलचं एक टोपडं घातलं. ते घालून रेणू आतड्यातून आत शिरतो, यकृतात टोपडं उतरतं आणि खरं औषध मोकळं होतं. अशा औषधाला प्रोड्रग म्हणतात. एनालाप्रिल घेतल्यावर ते स्वतः तासाभरात रक्तात शिखर गाठतं, पण काम करणारं एनालाप्रिलॅट तीन-चार तासांनी. त्याचं परिणामकारक अर्धायुष्य अकरा तासांच्या आसपास, जेवणाची अडचण नाही, आणि बाहेर पडण्याची वाट मुख्यतः मूत्रपिंड. रामिप्रिल आणि पेरिंडोप्रिल याच वाटेनं आली. लिसिनोप्रिलला टोपडं नाही. ते जसं गिळलं तसंच, यकृताला न शिवता, लघवीवाटे जातं. यकृत बिघडलेल्याला ही सोय, मूत्रपिंड बिघडलेल्याला अडचण. फोसिनोप्रिल यकृत आणि मूत्रपिंड दोन्हींतून जातं. याखेरीज या भावंडांत फरक थोडा आहे. ‘आमचं प्रिल ऊतींत जास्त खोल शिरतं’ अशा जाहिराती वर्षानुवर्षं झाल्या, त्यातून पेशंटच्या पदरात वेगळं काही पडल्याचं ठामपणे सांगता येत नाही.

भारताचा संबंध इथे थेट येतो. १९७२ पासून २००५ पर्यंत आपल्याकडे औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, ते बनवण्याच्या रीतीवर मिळे. त्यामुळे वेगळ्या रीतीनं बनवलेलं एनालाप्रिल देशी कंपन्यांच्या पट्ट्यांतून तालुक्याच्या मेडिकल दुकानापर्यंत पोचलं.

आता उपयोगाकडे. रक्तदाब उतरवण्यात प्रिल इतर चांगल्या गोळ्यांच्या बरोबरीची आहे, वरचढ नाही. अमेरिकेतल्या ऑलहॅट चाचणीत (निष्कर्ष २००२) ३३,३५७ लोकांत क्लोरथॅलिडोन, ॲम्लोडिपिन आणि लिसिनोप्रिल यांची तुलना झाली. हृदयविकाराच्या झटक्यांत फरक पडला नाही. पण क्लोरथॅलिडोनच्या तुलनेत लिसिनोप्रिलच्या गटात पक्षाघात आणि हार्ट फेल्युअर जास्त दिसलं. आफ्रिकी वंशाच्या पेशंटमध्ये ही तूट विशेष होती. त्यांच्यात रेनिन अनेकदा कमी असतं, आणि ज्या घरात कात्रीला कापडच थोडं तिथे कात्री बोथट करून फार काय साधणार? लघवीच्या गोळीची जोड दिली की हा फरक बराच मिटतो.

प्रिलनं खरं नाव कमावलं ते अशक्त हृदयात, आणि तेही अनेकांच्या भीतीला न जुमानता. हार्ट फेल्युअरच्या पेशंटचा रक्तदाब आधीच खाली असतो, त्याला तो आणखी खाली नेणारी गोळी द्यायची कशी, ही ती भीती. १९८७ साली नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमधल्या कन्सेन्सस चाचणीत हृदय अगदी शेवटच्या पायरीला आलेले २५३ पेशंट घेतले. सहा महिन्यांत प्लासिबोच्या गटातले ४४ टक्के दगावले, एनालाप्रिलच्या गटातले २६ टक्के. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. १९९१ च्या सॉल्व्ह्ड चाचणीत जरा बऱ्या अवस्थेतल्या २,५६९ पेशंटांत मृत्यू १६ टक्क्यांनी घटले. १९९२ च्या सेव्ह चाचणीत झटक्यानंतर हृदय दुबळं झालेल्यांना कॅप्टोप्रिल दिलं, मृत्यू १९ टक्क्यांनी घटले. त्याआधी हार्ट फेल्युअर म्हणजे डिगॉक्सिन, लघवीचं औषध आणि देवाचं नाव असा मामला होता. हृदयाला चाबूक मारण्याऐवजी त्याच्यावरचं ओझं उतरवायचं, हा विचार या चाचण्यांनी पक्का केला.

मूत्रपिंडाचं प्रकरण तितकंच बोलकं आहे. मूत्रपिंडातल्या गाळणीत रक्त आत आणणारी एक बारीक नळी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. अँजिओटेन्सिन-२ बाहेरची नळी जास्त आवळतो, त्यामुळे गाळणीतला दाब चढा राहतो. मधुमेहात हा चढा दाब गाळणीचा नाश करतो. प्रिल बाहेरची नळी सैल करते आणि गाळणीला उसंत मिळते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इन्शुलिनवरच्या ४०९ मधुमेही पेशंटांना कॅप्टोप्रिल दिल्यावर मृत्यू, डायलिसिस किंवा मूत्रपिंड बदलण्याची पाळी येण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. रक्तदाब सारखाच ठेवूनही हा फरक राहिला.

२००० सालच्या होप चाचणीबद्दल मात्र मी जरा हात राखून बोलेन. केरळचे आणि पुढे कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात स्थिरावलेले सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ९,२९७ पेशंटांवर ती झाली. हृदय दुबळं नसलेल्या, पण रक्तवाहिन्यांचा विकार किंवा मधुमेह असलेल्यांना रामिप्रिल दिल्यावर झटका, पक्षाघात किंवा हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १७.८ वरून १४ टक्क्यांवर आलं. रक्तदाब दवाखान्यात मोजला तर जेमतेम ३ आणि २ अंकांनीच उतरलेला. त्यावरून ‘रक्तदाबापलीकडची जादू’ असा गाजावाजा झाला. पण गोळी रात्री झोपताना दिली जात होती, आणि याच चाचणीतल्या ३८ जणांचा दाब चोवीस तास मोजला तेव्हा रात्रीचा वरचा आकडा १७ नं उतरलेला आढळला. जादूचा निदान काही भाग तरी घड्याळाचा होता. पुढे पेरिंडोप्रिलच्या युरोपा चाचणीत फायदा दिसला, ट्रँडोलाप्रिलच्या पीस चाचणीत दिसला नाही. तिथल्या पेशंटांवरचे बाकीचे उपचार आधीच चोख होते.

आता खोकला. माझ्या मावशीला एका दिवाळीनंतर ढास लागली ती शिमगा आला तरी जाईना. कफ नाही, ताप नाही, घशात सारखी खवखव, आणि रात्री आडवं झालं की ढास. छातीचा फोटो निघाला, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या संपल्या, ज्येष्ठमध, हळद-दूध, अडुळसा सगळं झालं. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “मावशी, बीपीची गोळी कधी बदलली?” दसऱ्याला बदलली होती, एनालाप्रिलवर. गोळी बदलली आणि तीन आठवड्यांत ढास गेली. मावशी फक्त एवढंच म्हणाली, “एवढ्या बाटल्यांचे पैसे कोण देणार?”

या गोळ्या घेणाऱ्या शंभरातल्या पाच ते वीस जणांना असा कोरडा खोकला होतो. बायकांना जास्त, आणि चिनी-जपानी लोकांमध्ये अधिकच. कारण तोच दुसरा धागा. न कापलेलं ब्रॅडिकायनिन आणि त्याच्यासारखेच काही रेणू श्वासनलिकेत साचून तिथल्या चेतातंतूंना डिवचत राहतात. डोस कमी करून तो सहसा जात नाही, कफ सिरपनं तर नाहीच. गोळी बंद केली की बहुतेकांचा एक ते चार आठवड्यांत जातो, काहींचा तीन महिनेही रेंगाळतो. सुरुवात आठवड्यात होते किंवा कित्येक महिन्यांनी, म्हणून संशय गोळीकडे वळत नाही.

याच धाग्याचं दुर्मिळ पण भीषण टोक म्हणजे ओठ, जीभ, घसा एकाएकी सुजणं. हजारात एक ते सात जणांना ते होऊ शकतं, आणि वर्षानुवर्षं गोळी बिनतक्रार घेतल्यानंतरही. ही सूज हिस्टामिनची नव्हे, म्हणून ॲलर्जीच्या नेहमीच्या इंजेक्शनांना ती फारशी दाद देत नाही. अशा वेळी घरी थांबायचं नसतं, आणि त्या माणसानं पुन्हा आयुष्यात कुठलीही प्रिल घ्यायची नसते.

बाकीचे धोके पहिल्या धाग्याचे, आणि ते टाळता येण्याजोगे आहेत. गाळणीतला दाब उतरला की क्रिएटिनिन थोडं वाढणारच. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा सोसतात, कारण ती बिघाडाची नव्हे तर परिणामाची खूण असते. पण दोन्ही मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील तर गाळणी केवळ त्या आवळण्यावरच तग धरून असते, आणि प्रिल दिल्यावर ती कोसळू शकते. म्हणून गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्त तपासायचं. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलेलं असताना, लघवीची गोळी चालू असताना, आणि वर गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं तर तिघांचा मार एकदम मूत्रपिंडावर बसतो. चिठ्ठीशिवाय वेदनाशामक गोळ्या मिळतात त्या गावांत हे नवल नाही.

पोटॅशियमकडे तर आपलं लक्षच नसतं. अल्डोस्टेरॉन उतरल्यावर पोटॅशियम शरीरात अडकून राहतं, आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. ज्यांचं मूत्रपिंड थकलेलं आहे त्यांनी प्रिलवर असताना ‘लो सोडियम’ मीठ विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. कोकणातल्या घरांत रोज दोन-दोन शहाळी प्यायली जातात, त्यांच्या पाण्यातही पोटॅशियम भरपूर.

आणि एक गोष्ट बिलकुल चर्चेची नाही. गर्भारपणात ही गोळी चालत नाही. मधल्या आणि शेवटच्या तिमाहीत बाळाचं मूत्रपिंड काम थांबवू शकतं, गर्भजल आटतं, कवटीची हाडं नीट भरत नाहीत. तरुण वयात रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या बाईला प्रिल लिहिताना मूल हवं आहे का, हे विचारायलाच हवं. दवाखान्यातल्या गर्दीत ते राहून जातं.

या खोडींवर उतारा म्हणून सार्टन आली, १९९५ साली लोसार्टननं सुरुवात केली. सार्टन कात्रीला हात लावत नाही. अँजिओटेन्सिन-२ तयार होऊ देते आणि तो ज्या ग्राहीवर जाऊन बसतो ती जागा अडवते. दुसरा धागा नेहमीसारखा कापला जातो, म्हणून खोकला नाही. २००८ च्या ऑनटार्गेट चाचणीत २५,६२० पेशंटांमध्ये टेल्मिसार्टन रामिप्रिलच्या तोडीस तोड ठरलं. खोकल्यामुळे रामिप्रिल ४.२ टक्क्यांनी सोडलं, टेल्मिसार्टन १.१ टक्क्यांनी. दोन्ही एकत्र दिली तर फायदा वाढला नाही, मूत्रपिंडाचा त्रास वाढला. त्या दिवसापासून ही जोडी चिठ्ठीवर दिसू नये, तरी अधूनमधून दिसते. २०२१ साली जवळजवळ तीस लाख पेशंटांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही दोघांचा गुण सारखा आणि सार्टनचा त्रास कमी निघाला.

मग प्रिल हवीच कशाला? कारण झटक्यानंतरच्या आणि अशक्त हृदयाच्या पेशंटात पहिला, सगळ्यात भक्कम पुरावा तिचा आहे. लोसार्टनला कॅप्टोप्रिलवर कडी करायची होती, ते दोन मोठ्या चाचण्यांत जमलं नाही. वालसार्टननं बरोबरी केली, पुढे गेलं नाही. काही जाणकारांच्या मते ब्रॅडिकायनिनचा साठा थोडा उपकारकही असतो आणि झटक्यानंतरचा फायदा काही अंशी त्याचाच असावा. मला हे पटण्यासारखं वाटतं, सिद्ध झालेलं वाटत नाही.

दुसऱ्या धाग्याचा धडा औषध कंपन्यांनी महाग किंमत देऊन घेतला. ओमापॅट्रिलॅट या रेणूनं कात्रीबरोबर नेप्रिलायसिन हे एन्झाइमही अडवलं. तेही ब्रॅडिकायनिन तोडणारं. पंचवीस हजारांवर पेशंटांच्या चाचणीत घसा-ओठ सुजण्याचं प्रमाण २.१७ टक्के निघालं, एनालाप्रिलच्या गटात ०.६८. औषध बाजारात आलंच नाही. पुढे नेप्रिलायसिन अडवणाऱ्या सॅक्युबिट्रिलला सार्टनची जोड दिली, कात्री मोकळी ठेवली, आणि २०१४ च्या पॅराडाइम चाचणीत ८,४४२ पेशंटांत या जोडीनं एनालाप्रिलला हरवलं. हृदयविकारानं मृत्यू आणि हार्ट फेल्युअरसाठी भरती यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. ज्याला परवडेल त्याला आज तीच द्यावी. ज्याला परवडत नाही त्याला नीट डोसात दिलेलं एनालाप्रिल म्हणजे दुय्यम उपचार नव्हे. प्रिलवरून या जोडीवर जाताना मात्र मध्ये ३६ तास जाऊ द्यायचे असतात.

२०२० च्या वसंतात आणखी एक वावटळ आली. कोरोनाचा विषाणू पेशीत शिरतो तो ‘एस-२’ या प्रथिनाला धरून, हे प्रथिन आपल्या कात्रीचं चुलत भावंड. त्यावरून ‘प्रिल घेणाऱ्यांना कोरोना जास्त होतो’ अशी आवई उठली आणि कित्येकांनी परस्पर गोळ्या सोडल्या. ब्राझीलमध्येच, जिथून ही कथा सुरू झाली, ६५९ रुग्णांत प्रिल-सार्टन चालू ठेवणं आणि थांबवणं यांची तुलना झाली. फरक आढळला नाही.

शास्त्रज्ञांना कात्रीची रचना प्रत्यक्ष दिसली ती २००३ मध्ये, इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात रवी आचार्य यांच्या गटानं लिसिनोप्रिल चिकटलेल्या एन्झाइमचं स्फटिकचित्र काढलं तेव्हा. शरीरभर काम करणाऱ्या या एन्झाइमला पात्यांच्या दोन जोड्या आहेत. अँजिओटेन्सिन मुख्यतः एका जोडीनं कापला जातो, ब्रॅडिकायनिन दोन्हींनी. म्हणून फक्त पहिली जोडी बोथट करणारा रेणू मिळाला तर खोकला टळावा, असा कयास आहे. त्यावर काम चालू आहे, गोळी अजून आलेली नाही.

तोवर वाचकांना एवढंच सांगणं. डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांच्या पट्ट्या, वेदनाशामकांसकट, बरोबर न्या, आणि क्रिएटिनिन-पोटॅशियम शेवटचं कधी तपासलं ती तारीख लिहून न्या. कोरडी ढास लागली असेल तर तिची तारीखही लिहा, गोळी सुरू झाल्याच्या तारखेशेजारी. गोळी मात्र आपल्या मनानं सोडू नका.